गोल्फच्या फाटकातून आत जाताना

पोरी, परवा फोनवर तू विचारलंस, "काका, ऑफिसातले सगळे गोल्फ खेळायला निघालेत, पुण्याच्या आसपास चांगलं मैदान कुठलं?" दोन नावं सांगून फोन ठेवता आला असता. पण गावाचं नाव सांगितलं आणि वाट नाही सांगितली, तर पाहुणा पारावरच बसून राहतो. नोकरीत असताना साहेबलोकांबरोबर या मैदानांवर माझं बरंच जाणंयेणं झालं, म्हणून सवडीनं लिहून काढलंय. चाकूरचा काका आणि गोल्फ, असं म्हणून हसून झालं असेल तर आता नीट वाच.

१. आधी एवढं ठरव, की तुला बघायला जायचंय, शिकायला जायचंय की खेळायला — तिन्हींचे पैसे वेगळे, वेळ वेगळी आणि आत जायची रीतही वेगळी.

२. शिकायचं असेल तर मैदानाच्या आधी ड्रायव्हिंग रेंज, म्हणजे चेंडू मारायच्या सरावाची जागा, गाठ, टोपलीभर चेंडू विकत घे आणि तिथल्या शिकवणाऱ्या प्रोकडून काठी धरायची कशी एवढंच शीक — पकड चुकीची बसली की ती मोडायला नवी शिकण्यापेक्षा दुप्पट दिवस लागतात.

३. येरवड्याचं पूना क्लबचं मैदान जुनं, अठरा होलांचं, झाडीतलं. डोक्यावरून लोहगावची विमानं जातात. पण ते सभासदांचं आहे, तेव्हा ओळखीच्या सभासदाबरोबर पाहुणी म्हणूनच जा — आणि ज्याच्या नावावर आत गेलीस त्याच्याआधी निघू नको, कारण तुझ्या वागण्याचा बोल त्याला लागतो.

४. बावधनच्या पुढं डोंगरउतारावर ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्ट आहे, तेही अठरा होलांचं. देखणं आहे, पण तिथं चढउतार आणि वारा दोन्ही फार, म्हणून अगदी पहिल्या दिवशी नको — सपाटीवर सरळ जाणारा चेंडू उतारावर कुठं जाईल ते शिकलेल्यालाही सांगता येत नाही.

५. सभासद कुणी ओळखीचा नाही? मग नवी मुंबईतलं खारघर. सिडकोनं पांडवकड्याच्या धबधब्याजवळ, डोंगराच्या कुशीत हे मैदान केलंय. पैसे भरायचे आणि खेळायचं, सभासद असायची गरज नाही. माझ्या मते नवशिक्यासाठी आपल्या राज्यात याच्याइतकं मोकळं फाटक दुसरं नाही — सरकारी जमिनीवरचा खेळ सगळ्यांना खुला असावा, असं मला मनापासून वाटतं. फक्त पावसाळ्यात फोन केल्याशिवाय निघू नको, तिकडचा पाऊस आपल्या चाकूरसारखा वाट बघायला लावणारा नाही.

६. मुंबईची जुनी मैदानं बोलावणं आलं तरच: चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी १९२७ चं, कुलाब्याच्या नेव्हीनगरातलं यूएस क्लबचं अगदी समुद्राला लागून, आणि ताडदेवचं विलिंग्डन. हे शेवटचं पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हर्नर विलिंग्डननं सुरू केलं, गोऱ्यांना आणि आपल्या लोकांना एका ठिकाणी बसता यावं म्हणून — तेव्हाचे बरेच क्लब आपल्या माणसाला दारातच उभं करायचे, हे तिथल्या हिरवळीवर उभी असताना आठवणीत असू दे.

७. लष्कराच्या छावण्यांतली मैदानं सुरेख राखलेली असतात, पण ती जवान-अधिकाऱ्यांची आणि त्यांच्या पाहुण्यांची. आपल्या चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं केंद्र आहे, म्हणून गावाला चार वर्दीवाली माणसं ओळखीची. त्या ओळखीवर फाटकात अडून बसू नको — पहाऱ्यावरच्या पोराला नियम मोडायला लावणं म्हणजे त्याच्या नोकरीशी खेळणं.

८. नाशिकला कुणी "गोल्फ क्लब मैदान" सांगितलं तर काठ्यांची पिशवी उचलून धावू नको — ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, तिथं रणजीचे क्रिकेट सामने होतात.

९. हैदराबादेची बदली मिळाली तर गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यातलं मैदान बघच. मैदान अठरा होलांचं आहे, आणि तिथंच शेकडो वर्षांची गोरखचिंच उभी आहे, खोड एवढं अवाढव्य की आतल्या पोकळीत माणसं जाऊन उभी राहतात. तिकडचे लोक तिला हत्तियाँ का झाड म्हणतात. मैदानामुळं जुन्या वास्तूंकडं जायची वाट आक्रसली म्हणून तिथं वादही झालेत, तेव्हा कुणी नुसतं झाड बघायला आलेलं दिसलं तर चेंडू थांबव आणि त्याला जाऊ दे — किल्ला आधी होता, खेळ नंतर आला. गच्चीबावलीच्या बाजूला खडकांमधलं बोल्डर हिल्सही आहे, पण मला विचारशील तर आधी नया किल्ला.

१०. कुठंही जा, आदल्या दिवशी फोन करून टी टाइम म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, ग्रीन फी म्हणजे मैदानाचे पैसे, काठ्या वाहणाऱ्या कॅडीचे पैसे आणि भाड्याच्या काठ्या, चारही विचारून कागदावर लिही — विचारलेला पैसा बोचत नाही, न विचारलेला रात्रभर सलतो. बरीच मैदानं सोमवारी बंद असतात आणि शनिवार-रविवारचा दर चढा असतो; तुला कामाच्या दिवशी रजा मिळत असेल तर मंगळवार-बुधवार गाठ.

११. कॉलरचा टी-शर्ट आणि साधी पँट घाल, जीन्स नको — एवढ्या कारणावरून फाटकावरून परत पाठवतात आणि मग तू संतापून मलाच फोन करशील.

१२. काठ्यांचा संच इतक्यात विकत घेऊ नको. नियमानं पिशवीत चौदा काठ्या चालतात, पण तुला सुरुवातीला एक सात नंबरचं आयर्न आणि होलात चेंडू ढकलायचा एक पटर पुरे — तुला सायकल घेऊन दिली होती ती अजून माळ्यावर आहे.

१३. आता गवताचं. हे मात्र दोनदा वाच. आपल्या शिवारात नांगरटीनंतर तुझी आजी हरळीच्या काशा वेचून बांधावर टाकायची, कारण एक काडी राहिली तरी ती रान धरते. तीच हरळी, तिच्याच जातीचं निवडून वाढवलेलं बारीक गवत, गोल्फच्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, लावतात आणि तीन-चार मिलिमीटरवर कापून ठेवतात, म्हणून चेंडू तिथं सरळ घरंगळतो. उंचावरून चेंडू पडला की त्या हिरवळीत खळगा पडतो. तो तुझ्याच चेंडूनं पडला तर लगेच बुजव. खिशात छोटा दोन दातांचा काटा असतो, तो खळग्याच्या कडेला रोव आणि कडा चहूबाजूंनी मधे ढकल, मग पटरच्या तळानं हलकं दाब. खालून उचकटू नको — उचकटलं की मुळ्या तुटतात, आणि तो ठिपका वाळून पिवळा पडतो. फेअरवेवर, म्हणजे होलाकडं जाणाऱ्या मोकळ्या पट्ट्यात, काठीनं गवताचा ढलपा निघाला तर तोही उचलून जागेवर बसव, किंवा कॅडीजवळची वाळू भर.

१४. बंकरच्या वाळूत उतरलीस तर खालच्या कडेनं उतर, आणि निघताना आपली पावलं दाताळ्यानं पुसून नीघ — मागच्याचा चेंडू तुझ्या टाचेच्या खड्ड्यात पडायला नको.

१५. चेंडू कुणाच्या दिशेनं गेला तर लाज न बाळगता मोठ्यानं "फोर" ओरड, आणि कुणी ओरडलं तर मान वर करून बघू नको, डोकं हातांनी झाक — तो चेंडू गारेएवढा दिसतो, पण हाड मोडतो.

१६. दुसरा मारत असताना बोलू नको, त्याच्या चेंडूच्या आणि होलच्या मधल्या वाटेवर पाय देऊ नको, आपली सावलीही तिथं पडू देऊ नको. मोबाइल बंद, हे सांगायला नको, पण तू आहेस म्हणून सांगतो.

१७. हरवलेला चेंडू तीन मिनिटं शोध, मग सोड — नियमही तेवढाच आहे, आणि मागं चार माणसं उन्हात उभी असतात.

१८. कॅडीला नाव विचार, नावानं हाक मार, आणि ग्रीनचा उतार तो सांगेल तो ऐक — तो त्या गवतावर रोज चालतो, तू महिन्यातून एकदा. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय अली शेर कॅडीचं काम करूनच वर आला होता. पाण्याची बाटली घेतलीस तर दोन घे, पैसे ठरल्यापेक्षा कमी देऊ नको, आणि ते हातात दे, बाकावर ठेवून जाऊ नको.

१९. घरात कुणी "हे काय पोरींचं काम आहे का" म्हटलं तर टोकियो ऑलिंपिकचं सांग. बंगळुरूची अदिती अशोक तिथं चौथी आली, पदक अगदी थोडक्यात हुकलं — आणि त्याच ऑलिंपिकला आपल्या पुण्याचा म्हणून ओळखला जाणारा उदयन मानेही खेळला.

२०. पहिल्या दिवशी नऊ होल पुरे — अठरांना चार-साडेचार तास जातात, सात-आठ किलोमीटर चाल होते, आणि तुझ्या पायांना आता लिफ्टची सवय लागलीय.

२१. आणि खेळून झाल्यावर, चहा घेताना, तिथल्या माणसाला एक विचार: एवढ्या हिरवळीला पाणी कुठनं आणता? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आपल्या लातूरला पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या. तेव्हा तू शाळेत होतीस, घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली आहेस. सांडपाणी शुद्ध करून गवताला घालणारी मैदानं असतात, आणि बोअर मारून उपसणारीही असतात — दोन्हीकडचं गवत सारखंच हिरवं दिसतं, त्यामुळं विचारल्याशिवाय कळत नाही. विचारायला संकोच वाटला तरी विचार. मला फोन करशील तेव्हा स्कोअर नंतर सांग, आधी त्यानं काय उत्तर दिलं ते सांग.