मुलगा की मुलगी : निर्णय कोठे होतो?

मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वांगणी मागे पडले की ठाणे जिल्हा संपतो आणि रायगड जिल्ह्यातील पहिले स्थानक लागते, ते शेलूचे. एका बाजूस माथेरानचा डोंगर, भोवती उल्हास नदीच्या खोऱ्यातील भातखाचरे आणि अलीकडच्या काळात त्यांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या नव्या इमारती, असे या परिसराचे स्वरूप आहे. कल्याणसारखे शहर आगगाडीने तासाभराच्या आत गाठता येते. शहर असे जवळ आले, तरी काही समजुती मात्र जागच्या हलत नाहीत. घरात मूल जन्माला आले की पहिला प्रश्न ‘मुलगा की मुलगी?’ हाच असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस मुलगी झाली, तर सर्वांच्या नजरा बाळंतिणीकडे वळतात. ही स्थिती एकट्या शेलूची वा एकट्या कर्जत तालुक्याची नव्हे. महाराष्ट्राच्या सर्व भागांत, खेड्यांत आणि शहरांतही, ती आढळते.

या समजुतीची किंमत मोठी आहे. मुलासाठी वारंवार लादलेली बाळंतपणे, सुनेचा छळ, तिला माहेरी धाडणे, क्वचित दुसऱ्या लग्नाची धमकी हे सारे तिच्यातून उद्भवते. सातारा जिल्ह्यात २०११ साली ‘नकुसा’ हे नाव धारण करणाऱ्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. नको असताना जन्मली म्हणून ‘नकुसा’, असे हे नाव. ज्या गोष्टीत आईचा यत्किंचितही दोष नाही आणि मुलीचा तर नाहीच नाही, तिचा शिक्का त्या मुलींनी वर्षानुवर्षे वागविला. म्हणूनच मुलाचे लिंग कसे ठरते, हा केवळ पाठ्यपुस्तकातील धडा राहत नाही. तो प्रत्येक घराने समजून घ्यावा असा विषय आहे.

तेविसावी जोडी

मानवी शरीर अगणित पेशींचे बनलेले असते. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात धाग्यांसारखी सूक्ष्म गुणसूत्रे असतात. आनुवंशिक गुण त्यांच्यामार्फत एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जातात. माणसात त्यांची संख्या ४६, म्हणजे २३ जोड्या, असते. यांपैकी २२ जोड्या स्त्री व पुरुष या दोघांत सारख्याच असतात. भेद असतो तो तेविसाव्या जोडीत. स्त्रीमध्ये या जोडीतील दोन्ही गुणसूत्रे ‘एक्स’ प्रकारची असतात, तर पुरुषामध्ये एक ‘एक्स’ आणि दुसरे आकाराने बरेच लहान असे ‘वाय’ असते.

स्त्रीबीज आणि शुक्रजंतू तयार होताना प्रत्येक जोडीची फारकत होते व प्रत्येक बीजात जोडीतील एकच गुणसूत्र जाते. स्त्रीजवळ ‘एक्स’शिवाय दुसरे काही नसल्यामुळे तिच्या प्रत्येक बीजात ‘एक्स’च असते. पुरुषाचे मात्र सुमारे निम्मे शुक्रजंतू ‘एक्स’ आणि निम्मे ‘वाय’ घेऊन निघतात. कोट्यवधी शुक्रजंतूंपैकी एकच स्त्रीबीजाशी संयोग पावतो. तो ‘एक्स’चा असला तर सर्वसाधारणपणे मुलगी आणि ‘वाय’चा असला तर मुलगा होतो. हा निर्णय फलनाच्या क्षणीच होऊन जातो.

पुढील विकासाची वाट मात्र काही आठवड्यांनंतर उघडते. साधारणपणे सहाव्या आठवड्यापर्यंत गर्भाच्या जननग्रंथी मुलाच्या वा मुलीच्या अशा वेगळ्या ओळखता येत नाहीत. त्यानंतर ‘वाय’ गुणसूत्रावरील एक जनुक कार्यरत झाले, तर त्या ग्रंथींचे वृषण बनू लागतात. ते नसेल, तर इतर जनुकांच्या प्रभावाने बीजांडकोश घडतात. या जनुकाचा शोध १९९० साली इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी लावला. निसर्गात अपवादही असतात. काही व्यक्तींत ‘एक्स’ एकच असते, काहींत दोन ‘एक्स’ व एक ‘वाय’ असते, तर काही बालकांच्या शरीराची घडण या दोन वाटांच्या मधली असते. अशा मुलांना वैद्यकीय सल्ल्याची व आपुलकीची गरज असते. त्यांना लपविण्याचे वा हिणविण्याचे काहीच कारण नाही.

पिठातील किड्याने दिलेले उत्तर

हे ज्ञान फार जुने नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत अनेक विद्वानही असे मानीत की आईचा आहार, हवामान वा उष्णता यांवर अपत्याचे लिंग अवलंबून असते. १९०५ साली अमेरिकेतील नेटी स्टीव्हन्स या संशोधिकेने पिठात होणाऱ्या एका किड्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. मादीमध्ये २० मोठी गुणसूत्रे होती, नरामध्ये १९ मोठी आणि एक लहान. ते लहान गुणसूत्र नराच्या निम्म्याच शुक्रजंतूंत जात होते. नर वा मादी ठरविणारी किल्ली तेथेच होती. त्याच वर्षी एडमंड विल्सन हेही स्वतंत्रपणे याच दिशेच्या निष्कर्षाप्रत आले. माणसातील गुणसूत्रांची ४६ ही अचूक संख्या १९५६ साली निश्चित झाली आणि ‘वाय’ असेल तर पुरुषत्वाची घडण होते, हे १९५९ च्या सुमारास स्पष्ट झाले.

सर्वच प्राण्यांत मात्र हा नियम नाही. कोंबडीच्या बाबतीत पिल्लू नर की मादी हे कोंबड्यावर नव्हे, तर कोंबडीच्या बीजावर ठरते. कोकण किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या सागरी कासवांत तर वाळूची उष्णता निर्णायक असते. वाळू अधिक उष्ण असेल तर माद्या अधिक निपजतात. माणसात यांपैकी काहीही लागू होत नाही.

दोष ना क्षेत्राचा, ना बीजाचा

पूर्वापार चालत आलेली उपमा अशी की स्त्री हे क्षेत्र आणि पुरुष हा बीज पेरणारा. स्त्रीही बीज देते व अपत्याच्या गुणसूत्रांत तिचा वाटा निम्मा असतो. तेव्हा ही उपमा मुळातच अपुरी आहे. परंतु क्षणभर ती खरी धरली, तरी दोष क्षेत्राला देता येत नाही. कर्जतच्या भातसंशोधन केंद्राने विकसित केलेले वाण या भागातील शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. राबात एक वाण पेरून खाचरात दुसरा का उगवला नाही, म्हणून कोणी जमिनीला बोल लावीत नाही. ‘पेरावे तसे उगवते’ हे शेतात मानणारा माणूस घरात मात्र क्षेत्रालाच जाब विचारतो, ही विसंगती ध्यानी घेण्याजोगी आहे.

तथापि, आईवरचा आळ काढून तो वडिलांवर ठेवणे हाही न्याय नव्हे. कोणता शुक्रजंतू स्त्रीबीजापर्यंत पोहोचावा, हे पुरुषाच्या इच्छेने, बलाने वा पुण्याईने ठरत नाही. तो केवळ योगायोग आहे. जेथे कोणाचीच निवड नाही, तेथे कोणाचाच अपराध नाही.

वालाचा पाठ

शाळेत अथवा महिला मंडळाच्या बैठकीत हे तत्त्व अगदी सोप्या रीतीने दाखविता येते. रायगड जिल्ह्यात घरोघरी मिळणारे कडवे वाल त्यास पुरेसे आहेत. एका वाडग्यात वीस साधे वाल ठेवावेत. हे आईचे वाडगे. दुसऱ्यात दहा साधे आणि दहा हळदीच्या पाण्यात रंगवून वाळविलेले पिवळे वाल मिसळावेत. हे वडिलांचे वाडगे. न पाहता प्रत्येक वाडग्यातून एकेक वाल उचलावा. दोन्ही साधे आले तर मुलगी, एक पिवळा आला तर मुलगा, अशी फळ्यावर नोंद करावी आणि वाल परत जागेवर टाकावेत. असे पन्नास वेळा करावे.

यातून तीन गोष्टी आपोआप उमगतात. पहिली, आईच्या वाडग्यातून पिवळा वाल कधीच निघत नाही. म्हणून तिला विचारणा करणे व्यर्थ. दुसरी, मुलगे व मुली साधारण निम्मे-निम्मे येतात. तरीही लागोपाठ तीन-चार मुलींच्या नोंदी अधूनमधून लागतातच. तीन अपत्ये असलेल्या साधारण आठ कुटुंबांमागे एकात तिन्ही मुली असणे हे नुसत्या योगायोगाने अपेक्षित आहे. तिसरी, मागे काय निघाले याची वाडग्याला आठवण नसते. तीन मुलींनंतर ‘आता तरी मुलगाच होणार’ या आशेला आधार नाही. चौथ्या खेपेसही शक्यता जवळपास निम्मीच राहते.

हाच विचार इतर समजुतींना लावून पाहावा. गर्भारपणात अमुक खाल्ले, अमुक कुशीवर झोपले किंवा नवस बोलला म्हणून मुलगा होतो, असे म्हणतात. परंतु दिवस राहिल्याचे कळते तेव्हा निर्णय होऊन गेलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिली जाणारी ‘मुलगा होण्याची औषधे’ त्यामुळे निरुपयोगी तर ठरतातच. शिवाय गर्भाची इंद्रिये घडत असण्याच्या नाजूक काळात घटक अज्ञात असलेले पदार्थ पोटात घेणे धोक्याचे आहे.

आकडे आणि कायदा

निसर्गतः दर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्माला येतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली. महाराष्ट्रात शून्य ते सहा वर्षे वयोगटातील हे प्रमाण १९९१ च्या जनगणनेत ९४६ होते. २००१ साली ते ९१३ वर आणि २०११ साली ८९४ वर आले. वीस वर्षांत निसर्गाचा नियम बदलला नाही. बदलला तो माणसाचा व्यवहार. गर्भातील व्यंग ओळखण्यासाठी आलेली तंत्रे मुलगी ओळखून तिला जन्म नाकारण्यासाठी वापरली गेली.

या दुरुपयोगाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय. स्त्री-संघटनांच्या व जागरूक डॉक्टरांच्या प्रयत्नांनंतर १९८८ साली हा कायदा झाला. संसदेने १९९४ मध्ये देशासाठी अधिनियम संमत केला आणि २००३ च्या सुधारणेने गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीलाही बंदी आली. गर्भलिंग तोंडी, खुणेने वा अन्य कोणत्याही रीतीने सांगणे, त्याची जाहिरात करणे आणि तशी तपासणी करवून घेणे हे दंडनीय अपराध आहेत. गर्भवतीवर पतीने वा नातलगांनी सक्ती केली असावी, असे कायदा गृहीत धरतो. अन्यथा सिद्ध न झाल्यास अपराधाचा भार तिच्यावर नव्हे, तर त्यांच्यावर येतो. मात्र कायद्याच्या चौकटीतील वैद्यकीय गर्भपात हा १९७१ च्या स्वतंत्र अधिनियमाचा विषय आहे. लिंगनिदान रोखण्याच्या नावाखाली त्या सेवेत अडथळा आणणे योग्य नव्हे.

गावाने काय करावे

ग्रामपंचायतीची जन्मनोंदवही हे या बाबतीत मोठे साधन आहे. शेलूसारख्या गावातील एका वर्षाच्या नोंदींवरून तडकाफडकी निष्कर्ष काढू नये. जन्मांची संख्या थोडी असल्यास मुलींचा आकडा योगायोगानेही खालीवर होतो. पाच-सात वर्षांची बेरीज ग्रामसभेपुढे ठेवावी आणि प्रमाण सातत्याने घसरलेले दिसल्यास तालुक्याच्या समुचित प्राधिकाऱ्यास कळवावे. संशयावरून एखाद्या कुटुंबाचे नाव चव्हाट्यावर आणू नये. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांतील मुलींसाठी राज्य शासनाने २०२३ साली ‘लेक लाडकी’ योजना जाहीर केली. जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपयांचे साहाय्य देण्याची तिच्यात तरतूद आहे. तिची माहिती बाळंतिणीच्या घरी वेळेवर पोहोचणे हेही ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम आहे.

शिक्षकाने हा पाठ नववी-दहावीच्या मुलांना शिकविताना वर्गातील मुलगे व मुली यांना एकत्र बसवून शिकवावा. उद्या तेच पती होतील, सासू-सासरे होतील. ग्रामसभेत मात्र सासू व पती यांना आवर्जून बोलवावे, कारण बोल लावणारे बहुधा तेच असतात आणि तो थांबविणेही त्यांच्याच हाती असते. तिसऱ्या मुलीच्या बाळंतिणीला त्या घरात पहिल्या दिवशीच एवढे ऐकू आले की ‘यात तुझे काहीच चुकले नाही’, तर वालाच्या दोन वाडग्यांचे काम झाले असे समजावे.