भाराविना मोजलेले व्होल्ट

संगणकावर मोटार-शर्यत खेळण्यासाठी जे स्टिअरिंग मिळते, त्याच्या बुडाशी असलेल्या पेटीत एक विद्युत मोटर असते. वळणावरची ओढ हातांना जाणवते ती या मोटरमुळे. वर्ध्याच्या एका विद्यार्थ्याने अशी एक पेटी आमच्या प्रयोगशाळेत आणली. सरळ रस्त्यावर सारे ठीक. तीव्र वळण आले, की स्टिअरिंग निर्जीव होई आणि क्षणभराने आपोआप जागे होई. अडॅप्टरच्या टोकाला मल्टिमीटर लावला, तर बरोबर २४ व्होल्ट! म्हणजे मोटरच बिघडली, असे ठरवून तो नवी, महागडी पेटी मागवण्याच्या बेतात होता.

मापन बरोबर होते, निष्कर्ष घाईचा. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ प्रवाह घेतच नाही. समजा, एखाद्या सैल जोडामुळे मार्गात १ ओहम रोध शिरला आहे. प्रवाह ०.२ अँपिअर असेल तर तेथे केवळ ०.२ व्होल्ट खर्ची पडतात. ४ अँपिअरला मात्र ४ व्होल्ट! पेटीला उरतात २० व्होल्ट, आणि त्या जोडात १६ वॅट उष्णता निर्माण होते. प्लास्टिक वितळते ते यामुळेच.

पण वळणावरच असे का व्हावे? फिरणारी मोटर उलट विद्युत्‌दाब निर्माण करून प्रवाहाला आवर घालते. वळणावर आपण चाक घट्ट धरून ठेवतो. मोटर जोर लावते, पण फिरत नाही. मग उलट दाब नाहीसा होतो आणि प्रवाह वाढतो.

म्हणून तपासणी भार जोडूनच करावी. मालमोटारीचे २४ व्होल्ट, २१ वॅटचे चार दिवे समांतर जोडले, तर ते सुमारे साडेतीन अँपिअर घेतात. (अडॅप्टरवर छापलेली क्षमता त्याहून अधिक आहे ना, हे आधी पाहावे.) दिवे एकेक करून जोडावेत, कारण थंड तंतूचा रोध फार कमी असतो. आमच्या चाचणीत चौथ्या दिव्यासरशी दाब २१ व्होल्टांवर आला. मग दिवे चालू ठेवून मल्टिमीटरची एक तार जोडाच्या अलीकडे व दुसरी पलीकडे लावली. हरवलेले ३ व्होल्ट तेथेच सापडले! पिनेचा तो जोड हाताला गरम लागत होता. नवी पिन डाखल्यावर पेटी नीट चालू लागली.

जोड निर्दोष असूनही दाब घसरला, तर संशय अडॅप्टरवर घ्यावा. त्यातील विद्युत्‌विच्छेद्य धारित्रे उष्णतेने सुकतात. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. वर्ध्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा अडॅप्टर गादीखाली किंवा पडद्याआड कोंबू नये. घरातील वीज मंद असल्याची तक्रार सर्रास केली जाते, पण १०० ते २४० व्होल्ट असे छापलेल्या अडॅप्टरला त्याने सहसा बाधा येत नाही.

अडॅप्टर मात्र उघडू नये. आतील धारित्रावर सुमारे ३२५ व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात.