आधी रक्त तपास, मग स्वभावाला दोष दे

बोल गं, अगदी पहिल्यापासून बोल. भांडीवाल्या मावशी न सांगता गावाला गेल्या, धाकट्याच्या डब्यातली भाजी तशीच परत आली, आईचे गुडघे, नवऱ्याचं बीपी, घराचा हप्ता, आणि निघायच्या वेळी साहेबांचं ते "जरा एवढं करून जा". यातलं काहीही क्षुल्लक समजून गाळू नकोस. मला कंटाळा येणार नाही आणि मधेच "चालायचंच गं" असंही मी म्हणणार नाही.

कुरकुर करतेस म्हणून ओशाळू तर अजिबात नकोस. आपल्या आज्या-पणज्यांनी पहाटे जात्यावर बसून सासुरवास, माहेरची ओढ, आजारपण, नवऱ्याचा राग, सगळं ओव्यांतून बोलून घेतलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा ओव्या गोळा केल्या, तर तो साठा एक लाखाच्या वर गेला. बघ, केवढं साठलेलं होतं बायकांच्या पोटात! जात्यापाशी पुष्कळदा दुसरी बाई समोर बसलेली असायची, तोच खुंटा धरून. तिला उत्तर द्यायची घाई नसायची, दळण संपेपर्यंत ती ऐकायची. तुलाही तसं माणूस हवं. लोकलच्या लेडीज डब्यातली रोजची मैत्रीण असो, शेजारची काकू असो, बहीण असो. बोलायला लागण्याआधीच तिला सांग, "मला आत्ता उपाय नकोत, नुसतं ऐक." एवढं सांगितलं की निम्म्या बायका खरंच नुसतं ऐकतात.

पण खरं सांगू का, तुझं सगळं ऐकताना माझं लक्ष दुसरीकडेच होतं. मावशी, हप्ता, साहेब या एका जातीच्या तक्रारी. त्यांच्यामध्ये तू सहज बोलून गेलीस की स्टेशनचा पूल चढताना हल्ली धाप लागते, विंचरताना केस हातात येतात, दुपारी तीननंतर डोळे उघडे ठेवायला त्रास होतो, आणि मुलांनी पाणी सांडलं तरी अंगावर ओरडायला होतं. मग स्वतःच निकाल देऊन टाकलास, "मी फार चिडकी झालेय." थांब जरा. मेथीच्या जुडीतून गवत वेगळं काढतो ना आपण, तसं हे वेगळं काढून ठेव. ही स्वभावाची तक्रार नसेलही. ही शरीराची असू शकते, आणि तिचा निकाल ओट्यापाशी उभं राहून लावता येत नाही. त्याला सुई टोचून घ्यावी लागते.

आपल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी आणि सगळ्यात कमी मनावर घेतली जाणारी गोष्ट म्हणजे रक्त कमी असणं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२च्या खाली गेलं की त्याला ॲनिमिया म्हणतात. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के यात सापडल्या. निम्म्याहून जास्त! म्हणून रिपोर्ट दाखवला की घरात कुणीतरी म्हणतंच, "साडेनऊ ना? आपल्याकडे सगळ्यांचंच असतं." या वाक्याचा मला मनापासून राग येतो. सगळ्यांचं कमी आहे म्हणून ते ठीक कसं होईल? सगळ्याच जणी दमलेल्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

बघ, तुला एक विचारते. तांदूळ निवडताना चिमूटभर कच्चे तांदूळ तोंडात टाकतेस का? पाटीवरची पेन्सिल, खडू, भाजकी माती, फ्रीजमधला बर्फ खावासा वाटतो? आपण याला सवय म्हणतो, आई रागावते, सासू हसते. डॉक्टरांच्या लेखी मात्र ही लोह कमी पडल्याची जुनी, ओळखीची खूण आहे. त्यांना हे न लाजता सांग.

आणि नुसत्या हिमोग्लोबिनवर समाधान मानू नकोस. शरीर आधी साठवणीतलं लोह वापरून टाकतं, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. त्यामुळे आकडा १२च्या थोडा वर असला तरी साठा रिकामा असू शकतो, आणि थकवा, केस गळणं, चिडचिड तेव्हाच सुरू झालेली असते. तो साठा फेरिटिनच्या तपासणीत कळतो. सीबीसीबरोबर तीही करायची का, टीएसएच म्हणजे थायरॉइड आणि बी-१२ बघायचं का, हे डॉक्टरांना विचार. तू पूर्ण शाकाहारी आहेस, पायांना मुंग्या येतात म्हणालीस, म्हणजे बी-१२ विचारायलाच हवं. घरात मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणीही उरकून घे. सीबीसीला फार पैसे पडत नाहीत. महापालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात तर ती फुकट किंवा अगदी थोडक्यात होते.

आता तू म्हणशील, मी बीट खाते, खजूर खाते, थंडीत अळिवाचे लाडूही करते. कर, खा, छानच आहे. अळिवात लोह असतं, लोखंडी कढईत केलेल्या भाजीतही थोडं उतरतं. पण आपल्याकडच्या आहारतज्ज्ञांच्या हिशेबाने बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि पुरुषाला १९. घरात सगळ्यात शेवटी, उरलेल्या भाजीवर जेवणारी कोण असते, हे तुला मी सांगायला नको. एकदा साठा रिकामा झाला की तो नुसत्या बिटाने भरत नाही, गोळी घ्यावी लागते. आणि गोळी तू कशाबरोबर घेशील हे मला माहीत आहे: चहाबरोबर! चहा लोह अंगी लागू देत नाही. गोळीच्या आधी आणि नंतर तासभर तरी चहा-कॉफी नको, दूध आणि कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी नको. लिंबूपाणी चालेल, आवळाही चालेल. जेवणाबरोबर लिंबाची फोड पिळायची सवय घरात असेल तर तीही या कामी उपयोगी पडते. थायरॉइडची गोळी निघाली तर ती सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर.

गोळी सुरू झाली की शौचाचा रंग काळपट होतो. घाबरून बंद करू नकोस. बद्धकोष्ठ झालं, पोटात मळमळलं तर डॉक्टरांना सांग. ते गोळी बदलून देतात, कधी एक दिवसाआड घ्यायला सांगतात. हिमोग्लोबिन वर आलं की बहुतेक जणी गोळी सोडतात, आणि वर्षभरात पुन्हा तिथेच येतात. साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने द्यावे लागतात.

पण रक्त जातंय कुठे, हाही प्रश्न आहे गं. इथे आपण सगळ्या गप्प बसतो. दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावा लागतो? मोठ्या गाठी पडतात? सात दिवसांच्या वर चालते पाळी? रात्री चादरीखाली जुनी साडी घालून झोपतेस? मग "माझी पहिल्यापासूनच जास्त आहे" असं म्हणून सोडून द्यायचं नाही. गाठी, थायरॉइड, वयाप्रमाणे होणारे बदल, कारण काहीही असू शकतं. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७च्या आसपास जाते, पण तिचे हेलकावे त्याआधी काही वर्षं सुरू होतात. झोप मोडणं, अंगातून वाफा निघणं, विनाकारण रडू येणं त्यातलंच. आणि कुणी पहिल्याच भेटीत "पिशवी काढून टाका" म्हणालं तर तिथे होकार देऊन येऊ नकोस. सोनोग्राफीचे कागद घे आणि दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव. बीडच्या ऊसतोडणीला जाणाऱ्या कितीतरी तरुण बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्याचं २०१९मध्ये उघडकीला आलं, तेव्हा सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. त्यांना दुसरं मत विचारायची सोय नव्हती. तुला आहे, ती वापर. एक मात्र पक्कं लक्षात ठेव: पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थोडं जरी रक्त दिसलं तरी लगेच दाखवायचं.

रात्री दोन वाजता मोबाइलवर लक्षणं शोधत बसतेस ना, ते आधी बंद. त्या वेळी शोधलेली डोकेदुखी नेहमी मेंदूतल्या गाठीवरच जाऊन थांबते. वही घे आणि लिही: काय होतं, कधी होतं, पाळीच्या कुठल्या दिवशी होतं. डॉक्टरांपुढे बसल्यावर आपण "तसं काही नाही, जरा थकवा" म्हणून मोकळ्या होतो. वही हातात असली की खरं बोललं जातं. मात्र एका बाबतीत वही, मोबाइल, सकाळ कशाचीच वाट बघायची नाही. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, घाम, श्वास कोंडणं, मळमळ हे अचानक एकत्र आलं तर ओवा आणि सोडा शोधत बसू नकोस. १०८ला फोन कर. बायकांच्या छातीतलं दुखणं पुष्कळदा ॲसिडिटी म्हणून अंगावर काढलं जातं, आणि त्यात मोलाचा वेळ जातो.

आता राहिल्या घरातल्या तक्रारी. त्यांना रक्ततपासणी नाही. "मला कुणी मदत करत नाही" हे तू कितीही वेळा म्हणालीस तरी समोरच्याला काय करायचं ते कळत नाही, किंवा कळून घ्यायचं नसतं. त्यापेक्षा नेमकं सांग: सोमवार ते शुक्रवार रात्रीची भांडी आणि ओटा तुमचा. गॅस नोंदवायचा, विजेचं बिल भरायचं, आईंच्या गोळ्या संपायच्या आत आणायच्या, हे थोरल्याने आणि बाबांनी वाटून घ्यायचं. काम दे तेव्हा ते लक्षात ठेवायचं कामही त्यांनाच दे. दर वेळी तूच आठवण करणार असशील तर ओझं तुझ्याच डोक्यावर राहिलं. आणि ओटा त्यांनी कसाही पुसला तरी मागून जाऊन पुन्हा पुसायचा नाही. हे तुला जड जाईल, ठाऊक आहे मला. दोन आठवडे डबे साधे दे. पोळी आणि सुकी भाजी, झालं. मुलं कुपोषित होत नाहीत त्याने.

आणि हे सगळं करूनही मन वर आलंच नाही तर? गोळ्या चालू आहेत, रिपोर्ट बरे आहेत, आणि तरीही दोन आठवडे झोप नाही, आवडत्या गोष्टीत जीव रमत नाही, आपण नसलेलंच बरं असा विचार डोकावतो, असं झालं तर ते मैत्रिणीच्या खांद्यावर भागणारं दुखणं नव्हे. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आजच मोबाइलमध्ये घालून ठेव. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२मध्ये तो सुरू केला. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तिथे बोलणं म्हणजे वेडं ठरणं नव्हे गं. दात दुखला की दातांच्या डॉक्टरकडे जातोच ना आपण.

तुझ्याच्याने हे सगळं होईल का, असं विचारूही नकोस. दोन मुलं, नोकरी, सासूबाईंचं पथ्य आणि सोसायटीचा गणपती एका वेळी सांभाळणारी बाई आहेस तू. तुला फक्त या यादीत स्वतःचं नाव वर लिहायचं आहे.

तेव्हा या रविवारी सकाळी लॅबमध्ये जायचं. उपाशीपोटीची साखरही करायची असेल तर शनिवारी जेवण लवकर उरक, सकाळी चहा न घेता जा, पाणी चालतं. नाश्त्याला पोहे नवरा करेल. भिजवायचे किती आणि मीठ कधी घालायचं ते लिहून फ्रीजवर चिकटव, आणि घरातून निघाल्यावर फोन करून "झाले का" असं विचारू नकोस. रिपोर्ट आला की त्याचा फोटो मला पाठव. डॉक्टरांची वेळ संध्याकाळची घे, मी येते तुझ्याबरोबर.