सैल रिव्हेट आणि एक क्रियापद

घरी बांधलेल्या विमानाच्या दुरुस्तीचा पाठ मराठीत लिहिताना मी प्रथम ‘सैल रिव्हेट घट्ट करावा’ असे लिहिले. वाक्य शुद्ध होते, पण सूचना चुकीची होती. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात सैल रिव्हेट हलतो, घासतो. त्याच्या मागे वाऱ्याच्या दिशेने काळपट भुकटीचा ओघळ दिसतो. त्यावर पुन्हा ठोकल्यास धातू ठिसूळ होतो आणि झिजलेले छिद्र नीट भरत नाही. म्हणून ड्रिलने डोके काढून जुना रिव्हेट बाहेर काढावा. छिद्र मोठे झाले असेल तर पुढच्या मापाचा रिव्हेट घ्यावा. ठोकलेल्या टोकाचा व्यास दांड्याच्या सुमारे १.५ पट आणि उंची ०.५ पट असावी. शेवटी मी ‘घट्ट करावा’ खोडून ‘बदलावा’ लिहिले. तांत्रिक लेखनात उसनी संज्ञा चालते. क्रियापद मात्र कामाशी पडताळूनच लिहावे.