चढाची परीक्षा

सपाट रस्त्यावर कोणतीही सायकल चांगलीच वाटते. तिचा खरा कस लागतो तो चढावर. मनुष्याची पारख जशी संकटात होते, तशी वाहनाची पारख घाटात होते. अहिल्यानगर जिल्ह्यात ही परीक्षा घेण्यास जागांची वाण नाही. उत्तरेकडे गोदावरी व प्रवरा यांच्या काठी उसाच्या मळ्यांतून जाणारे सपाट रस्ते आहेत. तर पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या रांगा आभाळाला भिडलेल्या आहेत. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर, याच बाजूला उभे आहे. अशा प्रदेशात रोजच्या कामासाठी आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरवाटेसाठी एकच सायकल घ्यावयाची झाल्यास, ती कशी निवडावी?

पायाच्या जोडीला विजेचे बळ देण्याची कल्पना नवी नाही. ओग्डेन बोल्टन या अमेरिकन गृहस्थास ३१ डिसेंबर १८९५ रोजी अशा सायकलीचे एकस्व मिळाले होते. त्याने मोटर मागील चाकाच्या मध्यभागी बसविली होती. परंतु त्या काळच्या बॅटऱ्या फार जड होत्या, त्यामुळे ही कल्पना मागे पडली. पुढे १९९३ साली जपानमधील यामाहा कंपनीने, पायडल मारताच मोटर साहाय्य करू लागेल अशी सायकल विक्रीस आणली. हलक्या व दमदार लिथियम बॅटऱ्या आल्यावर तिचा प्रसार जगभर झाला.

लहान दुचाकीशी नगरचे नातेही जुने आहे. हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनियरिंग कंपनीने १९७२ साली ‘लूना’ ही पायडल असलेली पेट्रोलवरची गाडी आणली. नगरच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीने असंख्य शिक्षक, दूधवाले व लहान व्यापारी यांची पायपीट वाचविली. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच नावाची विजेवर चालणारी ‘ई-लूना’ बाजारात आली.

आता असे समजू, की नगर शहरात राहणाऱ्या एका शिक्षिकेला विजेची सायकल घ्यावयाची आहे. तिची शाळा बारा किलोमीटर दूर आहे. रविवारी शाळेतील मुलामुलींना घेऊन आसपासच्या टेकड्या पाहावयास जाण्याची तिला हौस आहे. पैसे तिने दोन वर्षे काटकसर करून साठविलेले आहेत. निवड चुकली, तर हे पैसे वाया जातील आणि सायकल घराच्या कोपऱ्यात धूळ खात पडेल. म्हणून दुकानातील रंग व झगमगाट पाहण्याआधी तिने कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडणे इष्ट होय.

शक्ती वॅटमध्ये मोजतात. एक किलोग्रॅम वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्यास सुमारे ९.८ वॅट शक्ती लागते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. यावरून २५० वॅटची मोटर म्हणजे अश्वशक्तीचा सुमारे तिसरा हिस्सा, हे ध्यानात येईल. निरोगी मनुष्य बराच वेळ पायडल मारीत सुमारे १०० वॅट शक्ती देऊ शकतो.

शिक्षिका, तिची सायकल व दप्तर यांचे एकत्र वजन ९० किलोग्रॅम धरू. सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना सुमारे १०० वॅट पुरतात. त्यांतील निम्म्याहून अधिक शक्ती केवळ हवा दूर सारण्यात खर्च होते. परंतु दर शंभर मीटरला आठ मीटर चढणारा रस्ता लागला, की सारे चित्र पालटते. तेथे ताशी १० किलोमीटर वेगासाठीही सुमारे २३० वॅट लागतात आणि ताशी १५ किलोमीटरसाठी सुमारे ३५० वॅट. मोटरचे २५० आणि पायांचे १०० मिळून बरोबर ३५० होतात! म्हणजे जो पायडल मारील, त्यास लहान मोटरही पुरते. जो पाय सोडून नुसता बसेल, त्याची सायकल चढावर मंदावते.

एखादा विक्रेता म्हणेल, “बाई, हजार वॅटची मोटर घ्या, म्हणजे हिशेबच नको.” या बोलण्याला भुलून चालणार नाही. आपल्या देशातील नियमांप्रमाणे, मोटरची शक्ती २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरीखेरीज वजन ६० किलोग्रॅमच्या आत असेल, तरच अशा वाहनास मोटार वाहन समजत नाहीत. मग नोंदणी व परवाना लागत नाही. हजार वॅटची गाडी या मर्यादेबाहेर जाते. ई-लूनाही या मर्यादेबाहेरची, नोंदणीची गाडी आहे. सवलत हवी असल्यास वाहन मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेले असावे लागते. वाहनांची अशी परीक्षा करणाऱ्या संस्थांमध्ये नगरजवळील वाहन संशोधन व विकास संस्थेचाही समावेश आहे, ही जिल्ह्याला भूषणावह गोष्ट होय.

केवळ वॅट पाहूनही भागत नाही. चाक फिरविण्याचा जोर किती, हेही पाहावे लागते. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. वर सांगितलेल्या चढावर चाकाला सुमारे २६ न्यूटन-मीटर जोर लागतो. चढ शंभरास पंधरा झाला, की सुमारे ४७ लागतो. मोटर चाकाच्या मध्यभागी असेल, तर ती नेहमी चाकाच्याच गतीने फिरते. चढावर चाक मंदावले, की मोटरही मंदावते, अधिक वीज ओढते आणि तापते. मोटर पायडलजवळ असेल, तर तिचा जोर साखळीतून व गिअरमधून जातो. चढ आला, की हलका गिअर टाकावा. मग मोटर आपल्या सोईच्या गतीने फिरत राहते व चाकाला जोर मिळतो. मात्र अशी सायकल महाग असते आणि तिची साखळी लवकर झिजते. ज्यास केवळ सपाटीवरून जावयाचे आहे, त्याला चाकातील मोटर पुरेशी आहे. डोंगरवाट ज्याच्या नित्य परिचयाची, त्याने पायडलजवळची मोटर पाहावी.

मोटर म्हणजे बैल, तर बॅटरी म्हणजे त्याची वैरण. ३६ व्होल्ट व १० अँपिअर-तास अशी बॅटरी असेल, तर दोहोंचा गुणाकार करावा : ३६० वॅट-तास एवढा तिचा साठा. खडबडीत रस्ता व समोरचा वारा जमेस धरून दर किलोमीटरला १० वॅट-तास खर्च मानला, तर शाळेच्या चोवीस किलोमीटरांना २४० वॅट-तास लागतील. हा साठा पुरेसा दिसतो.

आता रविवारचा हिशेब पाहू. शहरापासून सुमारे तेरा किलोमीटरवर शाहडोंगर आहे. त्यावर निजामशाहीचा मंत्री सलाबतखान याची अष्टकोनी, तीन मजली कबर आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. हा डोंगर शहराहून सुमारे ९०० फूट, म्हणजे २७५ मीटर उंच आहे. जाऊन-येऊन सव्वीस किलोमीटरांचे २६० वॅट-तास झाले. शिवाय ९० किलोग्रॅम वजन एवढे उंच चढविण्यास ६७ वॅट-तास काम करावे लागते. मोटरमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज धरता हा आकडा ९० पर्यंत जातो. एकूण ३५०! बॅटरी ३६० ची. म्हणजे घरी पोहोचता पोहोचता ती जवळजवळ रिकामी होईल. पुन्हा, बॅटरी काही वर्षांनी थकते. तिचा पाचवा हिस्सा कमी झाला, तर २८८ वॅट-तास उरतील. शाळा गाठता येईल, डोंगर मात्र दुरूनच पाहावा लागेल. १४ अँपिअर-तासांची बॅटरी घेतली, तर साठा ५०४ वॅट-तास होतो आणि थकल्यावरही सुमारे ४०० राहतो. यावरून शिक्षिकेने आपले पैसे मोठ्या मोटरवर न घालता मोठ्या बॅटरीवर घालावे, हे सिद्ध होते. ती पूर्ण भरण्यास साधारण अर्ध्या युनिटाहून थोडीच अधिक वीज लागते.

चढलेला मनुष्य उतरणारच. म्हणून ब्रेककडे दुर्लक्ष करू नये. चढताना साठविलेली सारी शक्ती उतरताना ब्रेकवर येते. विजेची सायकल साध्या सायकलीहून जड असते. तिला दोन्ही चाकांस डिस्क ब्रेक असावेत. मुरमाच्या वाटेसाठी टायर रुंद व खाचांचे असावेत. माळावर बाभळीचे काटे जागोजाग पडलेले असतात, म्हणून पंक्चर काढण्याचे साहित्य व पंप जवळ बाळगावा. उन्हात तापलेली बॅटरी सावलीत थंड होऊ द्यावी, मगच चार्जिंगला लावावी. चार्जर तिच्याबरोबर मिळालेलाच वापरावा.

प्रत्येक वाट चाकासाठी नसते, हेही जाणले पाहिजे. कळसूबाईच्या कातळावर लोखंडी शिड्या आहेत. तेथे पायांनाच मान. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात वनखात्याचे नियम पाळावेत. विजेची सायकल आवाज फारसा करीत नाही, धूरही सोडीत नाही. परंतु तिच्या वेगाने पाखरे उडाली, गवत तुडविले गेले, तर त्या गुणांचा काय उपयोग?

बाजारात मोठा आकडा नेहमीच डोळ्यांत भरतो. पण आपला रस्ता किती लांब, आपला चढ किती उभा आणि आपले पाय किती साथ देणार, हे ज्याने आधी मोजले, त्याचा पैसा सार्थकी लागतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे जसे खरे, तसेच चढ पाहून चाक निवडावे, हेही खरे.

शब्दार्थ
कस लागणे – खरी परीक्षा होणे. वाण – उणीव. एकस्व – शोधावरील कायदेशीर हक्क. इष्ट – योग्य. वैरण – जनावरांचा चारा. सार्थकी लागणे – योग्य कामी येणे.

अभ्यास
१. बोल्टन याची कल्पना त्या काळी मागे का पडली?
२. हजार वॅटची मोटर घेण्याचा सल्ला शिक्षिकेने का मानू नये? दोन कारणे सांगा.
३. ‘मोटर म्हणजे बैल, तर बॅटरी म्हणजे त्याची वैरण’ हे वाक्य स्पष्ट करा.
४. ३६ व्होल्ट व १२ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा साठा किती? शाहडोंगराच्या सफरीला तो पुरेल काय? बॅटरी थकल्यावर पुरेल काय?
५. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवरील चढ-उतार पाहून त्यांचे आठ ओळींत वर्णन लिहा.