रामदास बोट आणि लॅबमधला पॉन्टून

फ्लुइड मेकॅनिक्सच्या प्रॅक्टिकलला एक प्रयोग हमखास असतो. पाण्याची टाकी, त्यात तरंगणारा पत्र्याचा पॉन्टून, त्यावर सरकवायचं एक वजन आणि कोन दाखवणारा लंबक. वजन थोडं सरकवायचं, लंबक किती हलला ते लिहायचं, चार रीडिंग घ्यायची आणि सूत्रात घालून 'मेटासेंट्रिक हाइट' काढायची. जर्नल सही होऊन येतं, व्हायवाला "मेटासेंटर म्हणजे काय?" एवढा एकच प्रश्न येतो, त्याची व्याख्या पाठ असते, आणि विषय संपतो. पण मित्रांनो, हा प्रयोग खरा कुठला आहे माहितेय? तो आपल्या कोकण किनाऱ्यावरचा आहे. त्याच्या उत्तरात एक शून्य इकडचं तिकडे झालं तर माणसं मरतात, आणि मेलीही आहेत. म्हणून हा लेख.

कोकणची बोट

आज आपण सुट्टीत अलिबागला जातो, मांडव्याची फेरी पकडतो, कुणी पैसेवाला असेल तर क्रूझवर जातो. मुंबई–गोवा 'आंग्रिया' ही क्रूझ २०१८ मध्ये सुरू झाली होती (पुढे ती बंद पडली), तेव्हा पेपरांत तिचे फोटो झळकले. पण आपल्या आजोबांच्या पिढीला हा प्रवास नवा नव्हता. रस्ते धड नव्हते आणि कोकण रेल्वे तर १९९८ साली पूर्ण झाली. तेव्हा चाकरमानी गावी जायचा तो बोटीने. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी मुंबईहून निघून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत गोव्यापर्यंत जात. नंतरच्या काळातल्या 'कोकणसेवक' आणि 'कोकणशक्ती' ही नावं कोकणातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, लगेच ओळखतील. बऱ्याच बंदरांत धक्का नव्हता. बोट खोल पाण्यात थांबायची आणि उतारू पडावातून किनाऱ्यावर यायचे. पावसाळ्यात ही लांबची वाहतूक बंद असे. पण मुंबई बंदरातल्या जवळच्या फेऱ्या, म्हणजे रेवस वगैरे, चालू राहत.

१७ जुलै १९४७

अशाच एका जवळच्या फेरीवर 'रामदास' होती. १९३६ साली इंग्लंडमध्ये स्वान हंटरच्या गोदीत बांधलेली, १७९ फूट लांब आणि २९ फूट रुंद. १७ जुलै १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नव्हता तेव्हा, ती सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. बोटीवर सातशेच्या आसपास उतारू होते. भर पावसाळा, खवळलेला समुद्र. अर्ध्या-पाऊण तासात काशाच्या खडकाजवळ, म्हणजे ज्याला इंग्रजीत गल आयलंड म्हणतात तिथे, ती कलंडली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे मुंबईला बातमी कळायलाच काही तास लागले. मासळी घेऊन मुंबईकडे येणाऱ्या रेवसच्या कोळ्यांनी काही जणांना वाचवलं.

वाचलेल्यांनी जे सांगितलं त्याचा क्रम साधारण असा: लाटा आत यायला लागल्या, बोटीवर पाणी साचलं, लोक घाबरून एका बाजूला धावले, बोट त्या बाजूला झुकली आणि परत सरळ झालीच नाही. या एका वाक्यात आपला अख्खा प्रयोग आहे. पाणी साचणं, लोक धावणं आणि सरळ न होणं, या तिन्ही गोष्टींचं गणित मांडता येतं.

तरंगणं वेगळं, उभं राहणं वेगळं

आर्किमिडीज आपल्याला सांगतो की बोट तरंगेल की बुडेल. पण ती सरळ तरंगेल की आडवी, हे तो सांगत नाही. ते उत्तर पिएर बुगेर या फ्रेंच माणसाने १७४६ साली दिलं. 'मेटासेंटर' ही कल्पना त्याची.

बोट कलली की पाण्याखालच्या भागाचा आकार बदलतो. त्यामुळे उत्प्लावक बल जिथून लागतं तो बिंदू (बी) खालच्या बाजूला सरकतो. या नव्या बिंदूतून सरळ वर रेघ काढा. ती बोटीच्या मध्यरेषेला जिथे छेदेल तो मेटासेंटर (एम). बोटीचं गुरुत्वमध्य (जी) याच्या खाली असेल, तर वजन आणि बल मिळून बोटीला परत सरळ करतात. जी जर एमच्या वर गेलं, तर तीच दोन बलं बोटीला आणखी कलंडवतात. जी आणि एममधलं अंतर म्हणजे जीएम, आपली मेटासेंट्रिक हाइट.

दुसरं सूत्र: बीएम = आय ÷ व्ही. व्ही म्हणजे पाण्याखालचं घनफळ. आय म्हणजे पाण्याच्या पातळीवर बोटीचा जो छेद दिसतो त्याचा 'सेकंड मोमेंट ऑफ एरिया', आणि त्यात रुंदीचा घन असतो. म्हणजे लांबी दुप्पट केली तर आय दुप्पट, पण रुंदी दुप्पट केली तर आठपट! म्हणूनच सीओईपीच्या बोट क्लबवर दिसणाऱ्या शर्यतीच्या अरुंद शेल बोटी इतक्या डळमळतात. तिथे वल्ही नुसती वल्हवायला नसतात, तोल सांभाळायलाही लागतात. आणि म्हणूनच कॅटामरान इतका पक्का उभा राहतो: दोन सांगाडे मध्यरेषेपासून लांब ठेवले की आय एकदम वाढतो. नव्वदच्या दशकात दमानियांनी मुंबई–गोवा मार्गावर चालवलेली बोट कॅटामरानच होती.

थोडं गणित करू

एक काल्पनिक किनारी बोट घ्या (हे आकडे रामदासचे नाहीत, पण त्याच जातीच्या बोटीचे आहेत). लांबी ५० मीटर, रुंदी ९ मीटर, माणसांसकट वजन ५०० टन, जीएम ०.८ मीटर. उतारू ७००, प्रत्येकी ६० किलो धरले तर ४२ टन. म्हणजे बोटीच्या वजनाच्या आठ टक्क्यांहून जास्त. मुद्दा इथेच आहे. लाख टनांच्या मोठ्या क्रूझवर चार हजार माणसं असली तरी त्यांचं वजन अर्धा टक्कासुद्धा भरत नाही. ती नाचोत की धावोत, जहाजाला पत्ताही लागत नाही. छोट्या बोटीवर मात्र माणूस हाच माल असतो. आणि हा माल स्वतःच्या पायांनी हलतो, घाबरला की एकाच दिशेला हलतो.

आता सगळे जण सरासरी ३ मीटर एका बाजूला सरकले असं धरा. कलवणारा मोमेंट ४२ × ३ = १२६ टन-मीटर. प्रयोगातलंच सूत्र:

टॅन (कोन) = १२६ ÷ (५०० × ०.८) = ०.३१५

म्हणजे कोन साडेसतरा अंश. एका बाजूची कड जवळजवळ १.४ मीटर खाली गेली. (हे सूत्र लहान कोनांसाठी आहे. दहा अंशांच्या पुढे खरं उत्तर 'जीझेड' वक्रावरून काढतात. पण अंदाज यायला एवढं पुरे.) प्रवासी जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे की गर्दी एका बाजूला झाली तरी कोन १० अंशांपेक्षा जास्त होता कामा नये. आपली बोट या पेपरात सरळ नापास.

त्यात निम्मे लोक खालच्या डेकवरून वरच्या डेकवर आले तर? २१ टन, २.४ मीटर वर. जी दहा सेंटिमीटर वर गेलं, जीएम ०.७ उरली आणि कोन झाला वीस अंश. नुसती हवा खायला वर आलेली माणसं बोटीचा तोल कमी करतात, तो असा.

घोटाभर पाणी

हे सगळं परवडलं, पण डेकवर साचलेलं पाणी नको. समजा २० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद जागेत घोटाभर, म्हणजे १५ सेंटिमीटर पाणी शिरलं. वजन जेमतेम २५ टन. उतारूंच्या वजनापेक्षाही कमी. मग घाबरायचं काय? घाबरायचं हे, की बोट कलली की हे पाणीही त्याच बाजूला धावतं. याला 'फ्री सरफेस इफेक्ट' म्हणतात. त्यामुळे जीएम किती घटते ते असं काढतात:

पाण्याच्या पृष्ठभागाचा आय = २० × ८ × ८ × ८ ÷ १२ = ८५३
घट = १.०२५ × ८५३ ÷ ५०० = १.७५ मीटर

होती ०.८ आणि गेली १.७५! जीएम ऋण झाली, म्हणजे बोट सरळ उभी राहूच शकत नाही. गंमत (गंमत कसली!) अशी की या सूत्रात पाण्याची खोली कुठेच नाही. बोट थोडी कललेली असताना महत्त्व पृष्ठभागाच्या रुंदीला असतं, पाणी किती खोल आहे त्याला नव्हे.

आता त्याच जागेच्या मधोमध एक उभी भिंत घाला. ४ मीटरचे दोन कप्पे झाले. घट एक चतुर्थांश, म्हणजे ०.४४ मीटर. जीएम अजून धन आहे, बोट उभी आहे. एका भिंतीने एवढा फरक पडतो. डेकच्या कडेला पाणी बाहेर जायला जी भोकं ठेवतात ती का महत्त्वाची, हेही यावरून कळतं. ती भोकं सामानाने बुजली की बोटीच्या मुळावर आलं.

झोके मोजा

मग जीएम भरपूरच ठेवावी ना? तसंही नाही. जीएम जास्त झाली की बोट झटक्याने सरळ होते, धक्के बसतात, सगळ्यांना उलट्या होतात. एका पूर्ण झोक्याला लागणाऱ्या वेळाचा ठोकताळा असा: ०.८ × रुंदी ÷ (जीएमचं वर्गमूळ). आपल्या बोटीला ०.८ जीएमवर आठ सेकंद लागतात. जीएम २.५ केली तर साडेचार सेकंद. आणि ०.२ वर आली तर सोळा सेकंद.

म्हणजे प्रवाशाला जे सुखाचं वाटतं ते धोक्याचं असू शकतं. बोट सावकाश, आळसटल्यासारखी झुलायला लागली आणि एका बाजूला गेल्यावर तिथेच रेंगाळायला लागली, की जाणता तांडेल अस्वस्थ होतो. पुढच्या वेळी फेरीत बसलात की घड्याळ लावून पाच-दहा झोके मोजा, बोटीची रुंदी अंदाजे धरा आणि जीएम काढा. हा प्रयोग जर्नलमध्ये नाही, पण मजा जास्त आहे.

आधीच कळलं होतं

१६२८ साली स्वीडनचं 'वासा' हे युद्धजहाज पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडालं. सफरीच्या आधी तीस खलाशांना डेकवर इकडून तिकडे धावायला लावून पाहिलं होतं. जहाज इतकं डोलायला लागलं की चाचणी मधेच थांबवावी लागली. म्हणजे आपलंच प्रॅक्टिकल झालं, रीडिंगही आलं, पण ते मानलं कुणी नाही. १९१५ साली शिकागोत 'ईस्टलँड' ही सहलीची बोट नदीत, धक्क्याला बांधलेली असतानाच उलटली. ८४४ माणसं गेली. टायटॅनिकनंतर सुरक्षेसाठी म्हणून तिच्यावर जास्तीच्या जीवरक्षक होड्या चढवल्या होत्या. त्यांचं वजन वर गेलं, त्याबरोबर जीही वर गेलं.

आज नवीन जहाज बांधून झालं की त्यावर 'इन्क्लायनिंग टेस्ट' होते: ठरावीक वजनं डेकवर आडवी सरकवायची आणि लंबक किती हलतो ते बघायचं. थेट आपला पॉन्टून, फक्त आकाराने मोठा. बोटीवर रंगवलेला प्रवासीसंख्येचा आकडा नुसत्या बाकांवर किती जण मावतात त्यावरून येत नाही, त्यामागे असली गणितं असतात. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. तिथे कारण टक्कर होतं, तोल नव्हे. पण त्या बोटीची क्षमता ८४ प्रवाशांची होती आणि बोटीवर शंभराहून जास्त माणसं होती. तो आकडा अजूनही आपल्याकडे सल्ल्यासारखा वाचला जातो.

तेव्हा मित्रांनो, फेरीवर खलाशी "एका बाजूला गर्दी करू नका" म्हणून ओरडला तर हसू नका. फोटो काढायला सगळ्यांनी एकाच कठड्यावर धावू नका. बोट भरलेली दिसली तर पुढची पकडा आणि लाइफ जॅकेट अंगात घाला, बुडाखाली घेऊन बसू नका. आणि आपल्यापैकी कुणी उद्या गोदीत, बंदर खात्यात किंवा सर्वेक्षक म्हणून कामाला लागला, तर लंबकाचं रीडिंग स्वतः डोळ्यांनी बघून लिहा. व्याख्या पाठ असली की व्हायवा सुटतो; बोट मात्र त्या रीडिंगवरच उभी असते.