मूत्रपिंड बिघडले की साखरेचे काय होते?

आपल्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन मूत्रपिंडे असतात. एकेक मुठीएवढे. दिसायला लहान, पण काम मोठे. दिवसरात्र ती रक्त गाळतात. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळले जाते. त्यातले बहुतेक परत रक्तात जाते. उरलेले दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर पडते. तिच्याबरोबर अंगातली घाणही जाते.

मूत्रपिंडांचा बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकला, की त्याला जुनाट विकार म्हणतात. पुष्कळांना वाटते, लघवीचा रोग, त्याचा बाकीच्या अंगाशी काय संबंध? संबंध आहे. तो कसा, ते आपण पाहू.

आपण भाकरी खातो. पोटात तिची साखर होते. ती रक्तात उतरते. ही साखर स्नायूंत पोचली, तरच अंगात बळ येते. त्यासाठी इन्सुलिन नावाचा रस लागतो. तो पोटातल्या स्वादुपिंडात तयार होतो. पाटाचे पाणी वाफ्यात घ्यायला दारे धरणारा गडी लागतो ना? इन्सुलिन हा तसाच गडी आहे.

समजा, वाफ्याच्या तोंडाशी गाळ साचला. गडी खपतो, पण पाणी आत जात नाही. पाट तुंबतो आणि वाफा कोरडा राहतो. मूत्रपिंडाच्या रोग्याचे असेच होते. इन्सुलिन असते, पण स्नायू त्याला दाद देत नाहीत. साखर रक्तात रेंगाळते आणि स्नायू झिजतात. मधुमेह नसलेल्या रोग्यालाही हे होते.

हा गाळ येतो कोठून? रक्तात घाण आणि आम्ल साचते. अंगात बारीक दाह सुरू होतो. राखेखाली निखारा धुमसतो, तसा. ताप नाही, कळ नाही. रोग्याला पत्ताही लागत नाही. पण या दाहाने इन्सुलिनचे काम अडते. रक्तवाहिन्याही खराब होतात. म्हणून या रोग्यांना हृदयविकाराचे भय अधिक.

पुढे एक उलटी गोष्टही घडते. काम झालेले इन्सुलिन मोडायला मूत्रपिंडे मदत करतात. ती फार थकली, की इन्सुलिन अंगात जास्त वेळ टिकते. मग इन्सुलिनची सुई किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्याची साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, भोवळ येते. कुणी म्हणतं, "बरं झालं, साखर गेली!" तसे नव्हे. रोग वाढल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी लगेच साखर किंवा गूळ खायला द्यावा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काही घालू नये; तडक दवाखान्यात न्यावे. नंतर औषध किती घ्यायचे, ते डॉक्टरांना विचारावे. मनाने ठरवू नये.

मग आपण काय करावे?

मधुमेह किंवा रक्तदाब असेल, त्याने वर्षातून एकदा तरी लघवी व रक्त तपासून घ्यावे. लघवीतून प्रथिने जातात का आणि रक्तात क्रिएटिनिन किती, हे त्यात कळते.

रोज झेपेल तेवढे चालावे. चालण्याने स्नायू इन्सुलिनला जास्त दाद देतात.

विडी, तंबाखू सोडावी. दात व हिरड्या स्वच्छ ठेवाव्या. हिरड्या सुजल्या, तरी दाह वाढतो.

दिवसाचे सगळे मीठ चहाच्या एका चमच्याच्या आत ठेवावे.

अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून मनाने आणू नयेत. त्यांतल्या पुष्कळ मूत्रपिंडाला बाधतात.

आम्हांला एवढेच सांगायचे आहे. मूत्रपिंडे लवकर तक्रार करीत नाहीत. दुखेल तेव्हा पाहू, असे म्हणून थांबू नका. हा धडा घरात मोठ्याने वाचून दाखवा.

सांगा पाहू:
१. इन्सुलिन अंगात कोणते काम करते?
२. गोळ्या चालू असताना साखर एकदम उतरली, तर काय करावे?
३. तुमच्या घरात कोणाची तपासणी व्हायला हवी?